डेझर्ट सफारी म्हणजे नुसतं गाडीतून फिरणं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी संपली की आपल्याकडे दोन गोष्टी सुरू होतात, नरकासुराची वर्गणी आणि दुबईच्या पॅकेजच्या जाहिराती. आता पेपर उघडला की चार रात्री पाच दिवस, बुर्ज खलिफा, मॉल, धाऊ क्रूझ आणि खाली बारीक अक्षरात "हाफ डे डेझर्ट सफारी विथ बार्बेक्यू डिनर". बुर्ज खलिफा काय आहे ते शेंबड्या पोराला पण माहीत असतं, पण या शेवटच्या ओळीत नेमकं काय काय येतं ते पैसे भरेपर्यंत कुणी सांगत नाही. विचारलंच तर ठरलेलं उत्तर, काय नाही हो, गाडीतून वाळवंटात फिरवतात, मग जेवण. आता आमच्या गोंयकारांना वाटतं की गाडीतून फिरवतात म्हणजे कुळ्याहून दूधसागरला जीपमधून जातो तसंच असणार, थोडे धक्के, थोडं पाणी, झालं. तसं नाहीये. माझ्या नणंदेचा मुलगा शारजाला नोकरीला आहे त्यामुळे आमच्या घरातली माणसं तिकडे येऊन जाऊन असतात, मी स्वतः त्या गाडीत बसलेय, आणि तिथे आपली वयस्कर माणसं गाडीच्या दारात उभी राहून "हे आम्हाला आधी सांगितलंच नव्हतं" म्हणताना बघितलीयत, म्हणून हे लिहितेय. थोडं लांबेल, पण छापाल अशी आशा आहे.

पहिली गोष्ट, अर्धा दिवस म्हणजे कुठला अर्धा दिवस ते समजून घ्या. सकाळची सफारी पण असते, ती छोटी असते, तिच्यात जेवण नि नाच वगैरे नसतं. बहुतेक पॅकेजमध्ये असते ती दुपारची. दुपारी अडीच ते साडेतीनच्या मधे कधीतरी गाडी हॉटेलवर येते आणि रात्री नऊ-साडेनऊला परत आणून सोडते. म्हणजे सहा-सात तास झाले. पण या सहा तासांत वाळूच्या टेकड्यांवर गाडी उड्या मारते तो भाग जेमतेम अर्ध्या तासाचा, कधी वीस मिनिटंच. बाकी सगळा वेळ जाणं, येणं, थांबणं, फोटो काढणं, जेवणाची वाट बघणं यात जातो. शेअरिंगची गाडी असेल तर आधी इतर हॉटेलांतली माणसं गोळा करत फिरते, मग तुम्ही बर दुबईच्या मीना बाजारजवळ उतरलेला असाल आणि बाकीचे शारजाला असतील तर तासभर त्यातच गेला समजा. हे वाईट आहे असं म्हणत नाही मी, पण माहीत असलेलं बरं, नाहीतर मुलं चार वाजल्यापासून कधी येणार कधी येणार करून डोकं खातात आणि मोठी माणसं बायकोवर चिडतात.

दुबईहून जायचं असेल तर बऱ्याच गाड्या लहबाबच्या बाजूला जातात, हत्ताच्या रस्त्यावर, दुबईपासून साधारण पन्नास किलोमीटर. तिथली वाळू लाल. पहिल्यांदा बघितली की आपल्या डिचोली-सांग्याच्या माणसाला घरचीच आठवण येते, आणि ते बरोबरच आहे कारण रंग लोहाचाच, वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो. उन्हं उतरायला लागली की हीच वाळू अक्षरशः पेटल्यासारखी दिसते. समुद्राच्या बाजूची वाळू मात्र पांढरट, तिच्यात शिंपल्यांचा चुरा जास्त. काही स्वस्तातल्या टूर दुसरीकडेच कुठेतरी नेतात आणि जाहिरातीत फोटो लहबाबचा लावतात, तेव्हा कुठल्या भागात नेणार हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा.

वाळवंट सुरू व्हायच्या जरा आधी सगळ्या गाड्या एका ठिकाणी थांबतात. तिथे दुकानं, चहा, टॉयलेट, क्वाड बाइकवाले, सगळं असतं. टॉयलेटला इथेच जाऊन घ्या, लाज बाळगू नका. इथे ड्रायव्हर खाली उतरून चारही टायरमधली हवा काढायला लागतो आणि आपली माणसं घाबरतात, अरे पंक्चर झाली की काय. पंक्चर नाही हो. रस्त्यावर टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते ती पंधराच्या आसपास आणतात. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला जास्त जागा धरतो, गाडीचं वजन वाटलं जातं आणि ती वाळूत रुतत नाही. परत येताना हवा पुन्हा भरतात, त्यालाही वेळ लागतो.

याच थांब्यावर खिसा सांभाळायचा. कुणीतरी हसत हसत येऊन तुमच्या डोक्याला अरबी पद्धतीचं फडकं बांधणार, फार छान बांधतात, मुलं खूश, फोटो काढून झाले की मग किंमत सांगणार. ते फ्री नसतं. क्वाड बाइक, म्हणजे ती चार चाकांची मोटारसायकल, बहुतेक पॅकेजमध्ये नसतेच, तिचे पैसे वेगळे. हातावर ससाणा घेऊन फोटो, त्याचेही बहुतेक वेळा वेगळे. एक दिरहम म्हणजे आपले वीसच्या वर रुपये झाले हे लक्षात ठेवून मगच मान हलवा, कारण तिथे आकडे छोटे ऐकू येतात. बाकी ससाण्याचा तिथे मान मोठा, यूएईचा, म्हणजे दुबई-शारजा ज्या देशात येतात त्याचा, तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला प्रवासासाठी स्वतःचा पासपोर्ट मिळतो, ही थट्टा नव्हे, खरंच देतात. आमच्याकडे पोर्तुगीज पासपोर्टसाठी माणसं खेटे घालतात तिकडे पक्ष्याला मिळतो, असं आमचे भावोजी म्हणाले होते ते आठवलं म्हणून लिहिलं.

आता मुख्य भाग, ज्याला ते ड्यून बॅशिंग म्हणतात. गाडी बहुतेक वेळा लँड क्रूझर असते, आत लोखंडी पाइपचा पिंजरा बसवलेला, म्हणजे उलटली तर टप दबू नये म्हणून. सहा-सात माणसं बसवतात. वाळूच्या टेकडीची एक बाजू सावकाश चढणारी असते, जिकडून वारा येतो ती, आणि दुसरी बाजू एकदम उतरती, तेहतीस-चौतीस अंशांची, कारण कोरडी वाळू त्याच्यापेक्षा जास्त उभी राहूच शकत नाही, घसरते. ड्रायव्हर सावकाश बाजूने जोरात चढतो, माथ्यावर समोर फक्त आकाश दिसतं, पलीकडे काय आहे ते आपल्याला अजिबात दिसत नाही, आणि पुढच्या क्षणी नाक खाली. कधी टेकडीच्या कुशीवरून गाडी आडवी घसरवतो, तेव्हा एका बाजूची माणसं दुसऱ्या बाजूच्यांच्या अंगावर. वाळू खिडकीवर पावसासारखी येऊन आपटते. मागच्या तिसऱ्या रांगेत सगळ्यात जास्त आदळतं, पुढच्या सीटवर सगळ्यात कमी, तेव्हा गाडी लागते त्याला पुढे बसवा, भले आमचे बाबा घरात सगळ्यात मोठे असूदेत. सीट बेल्ट सगळ्यांनी, मागच्यांनी सुद्धा, हा तिथला कायदाच आहे 2017 पासून, चालू गाडीत बेल्ट सोडून व्हिडिओ काढत बसायचं नाही. गाड्या एकेकट्या जात नाहीत, चार-सहा मिळून ओळीने जातात, एखादी रुतली की दुसरी दोर लावून ओढते. रुतली म्हणून घाबरू नका, ते रोजचं आहे.

पोटाचं बोलायचं तर दुपारचं जेवण हलकं आणि वेळेवर. नेमकं त्याच दिवशी कुणीतरी ओळखीच्यांनी जेवायला बोलावलेलं असतं, दुपारी बिर्याणी हाणून माणसं तीनला गाडीत बसतात, आणि पुढचं मी पेपरात लिहीत नाही. उलटीची गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी, आपल्या डॉक्टरला विचारून, टेकडीच्या पायथ्याशी घेऊन काही उपयोग नाही. आणि सहन होत नसेल तर ड्रायव्हरला सरळ सांगायचं, भैया धीरे. बरेच ड्रायव्हर पाकिस्तानी नाहीतर केरळचे असतात, हिंदी छान कळतं, सांगितलं की हळू करतात. आपले लोक शेजारच्या माणसासमोर कमीपणा नको म्हणून दात आवळून बसतात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. गरोदर बायका, स्लिप डिस्क किंवा मानेचा स्पाँडिलायटिस असलेली माणसं, हार्टचे पेशंट, नुकतंच कसलं ऑपरेशन झालेली माणसं आणि अगदी लहान मुलं यांना या ड्यून बॅशिंगमध्ये बसवत नाहीत, बसवूच नये. तिथल्या चांगल्या कंपन्या हे विचारतात, फॉर्मवर सही घेतात. पण कधी विचारतात? तुम्ही गोव्यातून पैसे भरून, विमानात बसून, हॉटेलातून निघून गाडीच्या दारात पोचल्यावर. आमच्या गाडीत वास्कोच्या बाजूचं एक जोडपं होतं, साठी ओलांडलेलं, बाईंच्या गळ्यात मानेचा पट्टा. गोव्यातल्या त्यांच्या एजंटने पट्टा समोर बघून पैसे घेतलेले. ड्रायव्हर म्हणाला मी नेणार नाही, त्यांचे यजमान म्हणतात पैसे परत द्या, एजंटचा फोन लागेना, शेवटी त्या थांब्यावर बसून राहिल्या आणि दुसऱ्या गाडीने त्यांना साध्या रस्त्याने कॅम्पवर नेलं. म्हणजे बघा, साध्या रस्त्याने कॅम्पवर नेण्याची सोय होती! बऱ्याच कंपन्यांकडे असते. वाळूच्या टेकड्या टाळून थेट कॅम्पवर, संध्याकाळ बघायची, जेवायचं, परत यायचं. फक्त ती बुकिंग करताना आधी सांगून ठेवावी लागते. आपल्या घरात आजी-आजोबांना घेऊन जाणारी माणसं किती असतात, त्यांना हा एक पर्याय सांगायला एजंटला अर्धं मिनिट लागेल, पण अर्धं मिनिट कुणाकडे आहे.

इन्शुरन्सचं पण तसंच. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय म्हणून निश्चिंत राहू नका, बऱ्याच पॉलिसींमध्ये अशी धाडसी प्रकरणं वगळलेली असतात, क्वाड बाइक तर खासकरून. पॉलिसीचा कागद वाचा किंवा घरात कुणी वाचणारं असेल त्याला वाचायला द्या. क्वाड बाइक दिसते तेवढी सोपी नाही, वाळूत उलटते आणि उलटली की अंगावर येते. हेल्मेट देत नसतील तर बसू नका, भाड्याची स्कूटर बिनहेल्मेटची चालवायची सवय असली तरी. अॅम्ब्युलन्सचा नंबर तिथे 998.

टेकड्यांवरून उतरल्यावर सूर्यास्ताला थांबवतात, दहा-पंधरा मिनिटं. माझ्या मते सगळ्या सहा तासांतली हीच किमतीची मिनिटं आणि हीच सगळ्यात घाईत उरकतात. चपला काढून चालून बघा, वरची वाळू गरम आणि बोट खाली घातलं की गार. नीट बघितलं तर वाळूवर बारीक बारीक पावलांच्या रांगा दिसतात, काळे भुंगे असतात त्यांच्या, सरड्यांच्या, कधी कोल्ह्याची पण. आणि एखादं झाड दिसलं तर ते निरखून बघा, काटेरी, बारीक पानांचं, एकटंच उभं. तो गाफ, त्यांचा राष्ट्रीय वृक्ष. आणि तीच आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतात ती, राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात. मुळं पार खोल जातात म्हणून त्या वाळूत पण हिरवी राहते आणि उंट तिचा पाला खातात. आम्ही आपट्याची पानं सोनं म्हणून वाटून मोकळे होतो आणि शमी खरी कशी दिसते ते बघायला मला वाळवंटात जावं लागलं. ड्रायव्हरला याच्यातलं काही विचारलं तर तो बिचारा घड्याळ बघतो, त्याला सात वाजता कॅम्पला पोचायचं असतं.

कॅम्प म्हणजे मधे एक स्टेज, भोवती गालिचे आणि बुटकी टेबलं, जमिनीवर मांडी घालून किंवा लोडाला टेकून बसायचं. गुडघेदुखी असेल त्यांनी खुर्ची मागून घ्यायची, काही ठिकाणी असते. आल्या आल्या खजूर आणि गाहवा देतात. गाहवा म्हणजे त्यांची कॉफी, फिकट रंगाची, वेलची घातलेली, बिनसाखरेची, आमच्यासारख्या दुधाच्या कॉफीवाल्यांना पहिल्या घोटाला काढाच वाटतो. कप कानाशिवायचा छोटा, आणि तो भरून देत नाहीत, तळाशी थोडीच ओततात, ती कंजूषी नव्हे, तीच पद्धत. कप उजव्या हातात धरायचा आणि पुरे झालं की हलवून दाखवायचा, नाहीतर ते आपले ओततच राहतात. ही कॉफी द्यायची रीत 2015 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलीय.

उंटाची सवारी कॅम्पच्या दारातच असते, ती दोन-चार मिनिटांची, एक गोल फेरी. उंटावरून वाळवंट पार करणार वगैरे चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो त्यामुळे आपण एकदम पुढे फेकले जातो, म्हणून मागे रेलून घट्ट धरून बसायचं, बसताना पण तो आधी पुढचे गुडघे टेकतो तेव्हा परत मागे रेलायचं. साडी किंवा अरुंद ड्रेस घालून हे होत नाही, सलवार किंवा पँट घाला. पायात सँडल, बूट घातले की अर्धा किलो वाळू घरी येते. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी चष्मा लावा.

मेहंदी असते, साधीशी, हातावर एक फुलपान काढून देतात. मग शो. एक माणूस रंगीत घेरदार झगे घालून गरगर फिरतो, झग्यात लाइट लावलेले असतात, तो तनुरा. एक आगीचा खेळ. आणि बेली डान्स. आता गंमत अशी की तनुरा मूळ इजिप्तचा, सूफींच्या गिरकीतून आलेला, बेली डान्स पण तिथला स्थानिक नव्हे. तिथल्या बदूंचा, म्हणजे वाळवंटातल्या मूळच्या टोळ्यांचा, स्वतःचा नाच म्हणजे अय्याला, हातात काठ्या घेतलेल्या पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, ढोलाच्या तालावर, तो या कॅम्पात क्वचितच दिसतो. लोकांना जे आवडतं ते दाखवतात. यावर आपण नाक मुरडायला जागा नाही, पणजीला सांता मोनिका जेटीवरून मांडवीत बोट निघते तिच्यावर तासाभरात देखणी नि फुगडीचे नाच आणि पोर्तुगालचा कोरिदिन्यो दाखवून आम्ही पण पर्यटकाला गोवा बघितल्याचं समाधान देऊन पाठवतोच की. शिगम्याचं रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, बघायला त्याला कोण थांबवतो? तेव्हा कॅम्पचा शो हा शो म्हणून बघावा, टाळ्या वाजवाव्यात, त्यालाच तिथली संस्कृती म्हणून घरी येऊन सांगू नये एवढंच. रमजानच्या महिन्यात गेलात तर बहुतेक ठिकाणी नाच-गाणं बंद असतं, जेवण मात्र असतं, पॅकेजची तारीख घेताना हे बघा कारण पैसे काही कमी होत नाहीत.

जेवण बुफे. चिकनचे कबाब, भाजलेलं मटण, वाटलेल्या चण्यांचं हमस, खुबुस म्हणजे त्यांची रोटी, सॅलड, भात, आणि आपली गर्दी एवढी असते की डाळ आणि भाजी बहुतेक ठिकाणी मिळते. शाकाहाऱ्यांचं वेगळं टेबल आहे का, भाजणी वेगळी होते का ते आधी विचारून ठेवा, सोमवार पाळणाऱ्यांनी तर सफारी सोमवारी घेऊच नका, सोपा उपाय. मासे मिळतील अशी आशा ठेवू नका, वाळवंटात गेलात तुम्ही. दारू काही लायसन्सवाल्या कॅम्पात विकत मिळते, काहींत अजिबात नाही, आणि बाहेरून पिशवीत घालून न्यायचा उद्योग तर करायचाच नाही. हे आमच्या लोकांना दोनदा सांगावं लागतं.

थंडीचं कुणाला खरं वाटत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा जायचा काळ, जून ते सप्टेंबरमध्ये पारा चाळीस-पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा स्वस्त पॅकेज मिळतं ते का स्वस्त आहे ते विमानतळाबाहेर पाय टाकल्यावर कळतं. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य गेला की तासाभरात हवा बदलते. हवेत ओल नाही, ढग नाहीत, वाळूने दिवसभर घेतलेली ऊब वर निघून जाते. आपल्याकडे दमट हवेत रात्री पण घाम येतो त्यामुळे आपल्याला हा अंदाजच नसतो. स्वेटर घेऊन जा. नसला तर निदान म्हाताऱ्यांसाठी शाल.

जेवण झालं की काही कॅम्पात सगळे दिवे दोन-चार मिनिटं बंद करतात, तारे बघण्यासाठी. आमच्या वेळी बंद केले तर निम्म्या लोकांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या.

प्लास्टिकबद्दल एक सांगायचंय. दुबईतल्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने 2008 पासून तपासलेल्या सुमारे 30,000 मेलेल्या उंटांपैकी 300 उंटांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले, पिशव्या नि दोऱ्या गिळून गिळून दगडासारखे झालेले, यावर 2021 मध्ये संशोधनाचा पेपर पण आलाय. आपल्या म्हापशाच्या बाजारात गायी पिशव्या खाताना आपण रोज बघतो तेव्हा हे नवीन नाही, पण निदान दुसऱ्याच्या वाळवंटात चिप्सचं पाकीट खिडकीतून सोडू नका. गाड्यांमुळे पण वाळवंटाचं नुकसान होतंच, झुडपं चिरडतात, सरड्यांची बिळं मोडतात. म्हणून दुबईने सव्वादोनशे चौरस किलोमीटरचा एक मोठा भाग राखीव ठेवलाय, दुबई डेझर्ट कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह, तिथे ठरलेल्याच कंपन्यांना प्रवेश, गाड्या हळू, आणि तिथे अरबी ओरिक्स दिसतात, पांढरी, लांब सरळ शिंगांची हरणं, 1972 मध्ये जंगलातून पार संपलेली आणि प्राणिसंग्रहालयांतली वाढवून नंतर पुन्हा सोडलेली. ती टूर महाग पडते. पण माझं विचाराल तर ज्यांना पाठ सांभाळायचीय आणि वाळवंट खरंच बघायचंय त्यांनी चार पैसे साठवून तीच करावी, उड्या मारायच्या तर जत्रेतला पाळणा आहेच.

आणि हे सगळं बघून आल्यावर जी नवीन खाज सुटते तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. रील बघायच्या आणि भाड्याची थार घेऊन मोरजीच्या नाहीतर हणजुण्याच्या किनाऱ्यावर घालायची, भरती आली की गाडी रुतते, मग क्रेन, मग पोलीस, मग पेपरात फोटो. हे फक्त बाहेरचे पर्यटक करतात असं म्हणायची सोय राहिलेली नाही, जीए नंबरच्या गाड्या पण असतात. अहो, दुबईत पण वाट्टेल त्याला टुरिस्ट घेऊन वाळूत गाडी घालता येत नाही, टूरच्या कंपनीला तिथल्या टुरिझम खात्याचं लायसन्स लागतं. आपल्या किनाऱ्यावर गाडी घालायला कायद्यानेच बंदी आहे आणि कारण साधं आहे, मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडली कासवं वाळूत अंडी घालतात, आणि किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या मर्यादवेलीच्या आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या असतात. तिकडच्या वाळवंटात मैलोनमैल टेकड्या आहेत, आपल्याकडे उरल्यात किती? त्यांच्याचमुळे दर्याचं पाणी आणि वारा माडांपर्यंत येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. गोव्यातल्या ट्रॅव्हल एजंटांनी पैसे घ्यायच्या आधी मराठीत किंवा कोकणीत एका पानाचा कागद हातात द्यावा, कुठे नेणार, किती वाजता नेऊन किती वाजता आणणार, वाळूवर गाडी किती वेळ, कुणी बसायचं नाही, टेकड्या टाळून कॅम्पवर जाता येतं का, पॅकेजमध्ये काय आहे आणि काय नाही, आणि ऐनवेळी ड्रायव्हरने बसवलं नाही तर पैसे परत मिळतात की नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी लिहून देत नाही. पर्यटन खात्याने एजंटांच्या नोंदणीच्या वेळी हा कागद मागितला तर दोन महिन्यांत सगळे शहाणे होतील. खातं येणाऱ्या पर्यटकांचं बघतं हे खरं, पण जाणारे आम्ही पण गोव्यातच पैसे मोजतो ना. आणि आपण एवढ्या जाहिराती छापता तर पुरवणीत एकदा अशी एक चौकट पण छापा, जाहिरातवाले रागावणार नाहीत अशा बेताने का होईना.

आपली,
एक वाचक, कुर्टी, फोंडा

ता. क. – जाताना भाच्याला, पुतण्याला काहीतरी न्यायचं असतंच, त्यात खसखस कुठल्याही रूपात नेऊ नका. यूएईमध्ये खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, सारणात आपण घालतो, शाकुतीच्या मसाल्यात घालतो, तेव्हा डबा भरण्याआधी घरात विचारून घ्या. आमच्याकडे नेवऱ्या आता तीळ घालून करतात, चांगल्या लागतात.